वर्गवारीचं टेबल

शाळेच्या महोत्सवी वर्षानिमित्त आम्ही जुने विद्यार्थी आठवणी लिहितोय. बाकीचे वर्गमित्र स्नेहसंमेलनांवर आणि सरांच्या छड्यांवर लिहिणार हे गृहीत धरून मी शाळेच्या युवा सेवा गटावर लिहितो. गटात मी शिरलो तो मित्रांच्या नादाने, सेवाभाव वगैरे काही नव्हता. गरजूंसाठी जमा झालेलं धान्य, हवाबंद अन्नाचे डबे, पाकिटं यांची वर्गवारी करायची आणि खोकी भरून अन्नदान करणाऱ्या संस्थेकडे पाठवायची, एवढंच काम. शाळा सुटली की सभागृहात लांब टेबलं मांडली जायची.

गटाच्या बाईंनी आधी तारखा वाचायला शिकवलं. ‘यूज बाय’ ही सुरक्षिततेची तारीख, ती उलटली की वस्तू बाद, तिथे हुज्जत नाही. ‘बेस्ट बिफोर’ चवीची आणि दर्जाची. ती उलटलेलं बिस्कीट मऊ पडलं असेल, पण तेवढ्यावरून ते खराब ठरत नाही. असा माल वेगळा ठेवायचा, संस्था तिच्या नियमाने ठरवणार. साखरेच्या पिशवीवर तारीख सापडेना म्हणून आम्ही ती उलटीपालटी करत बसायचो. साखर, साधं मीठ, व्हिनेगर यांना कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकातच तारखेची सक्ती नाही, हे फार नंतर समजलं.

डबे तपासणं मात्र माझ्या खास आवडीचं. डबा हातात फिरवायचा, वरच्या-खालच्या कडेवरून आणि उभ्या जोडावरून बोट न्यायचं. पोटाला उथळ पोचा असेल तर चालतो. पोचा जोडावर किंवा कडेवर असेल तर डबा बाजूला, कारण तिथे डोळ्यांना न दिसणारी फट पडलेली असू शकते. झाकण फुगलेलं दिसलं तर उघडून बघायचा मोह टाळून थेट बाद. आत जंतूंनी वायू तयार केलेला असू शकतो, आणि बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचं विष ना दिसत, ना वासाने कळत. डबा दाबल्यावर झाकण ‘टक्’ करून खालीवर झालं की आमच्यातला कुणीतरी आनंदाने ओरडायचा, “बाद!” त्या वयात नाकारण्याचा अधिकार मिळणं ही चैनच होती.

खरी कुरबुर व्हायची ती फोडून पुन्हा रबर लावलेल्या पाकिटांवरून. ज्यांना कपाट रिकामं करायचं असतं ते दानपेटीत काय काय टाकतात, हे त्या टेबलाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. बिनलेबलच्या पिशवीत शेंगदाणा आहे की नाही हे कुणी सांगायचं? ॲलर्जी असणाऱ्याला तोच घास महागात पडेल. माझ्या मित्राला अन्न टाकणं जिवावर यायचं. “उपाशी माणूस एवढं बघत नाही हो बाई,” तो म्हणायचा. बाई शांतपणे म्हणायच्या, “म्हणून तर आपण बघायचं.” मला आजही बाईंचंच पटतं.

जॉन व्हॅन हेंगेल यांनी १९६७ मध्ये अमेरिकेत फिनिक्स इथे पहिली अन्नपेढी (फूड बँक) उभारली, ती दुकानांनी टाकलेल्या पण खाण्याजोग्या मालावरच. हे वाचलं तेव्हा आमच्या टेबलाचं कूळ सापडल्यासारखं वाटलं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं साधारण ६० टक्के घराघरांतून. आमची खोकी त्यापुढे किस झाड की पत्ती! पण प्रत्येक खोक्यावर आतला प्रकार आणि सगळ्यात जवळची तारीख ठळक लिहिलेली असायची, आणि लवकर संपणारा माल पुढे लागायचा. आजही घरचं कपाट मी तसंच लावतो, घरचे हसतात.

गट अजून चालू आहे, असं ऐकतो. तेव्हा जुन्यांनो, महोत्सवी वर्षात काही देणार असाल तर मुदत भरपूर शिल्लक असलेलं द्या. रिंग ओढून उघडणारे डबे घ्या, कारण ओपनर प्रत्येकाकडे असतोच असं नाही. आणि काचेच्या बरण्या शक्यतो नकोतच. एक फुटली की काचेच्या कणांपायी मुलांना अख्खं खोकं टाकून द्यावं लागतं.