आमची वाटचाल : ड्रायव्हरची वही

आमच्या कार्यशाळेत कोणत्याही नव्या माणसाला पहिल्या दिवशी स्क्रू-ड्रायव्हर दिला जात नाही, तर वही दिली जाते. जाड पुठ्ठ्याच्या या वह्या आता एकोणीस झाल्या आहेत. आम्ही जुळणी करून दिलेल्या प्रत्येक संगणकाचा क्रमांक, त्यातील ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग), ग्राहक वापरत असलेले सॉफ्टवेअर आणि कार्डाकडून काम करून घेणाऱ्या ड्रायव्हर या सॉफ्टवेअरच्या ज्या आवृत्तीवर ते सर्व सुरळीत चालले तो आकडा, एवढ्याच नोंदी त्यांत आहेत. आमच्या व्यवसायाचा इतिहास सांगायचा तर तो या वह्यांचाच आहे, आणि त्या का लिहाव्या लागल्या हे सांगण्यासाठी कार्ड बनविणाऱ्या कंपन्यांच्या भांडणात आम्ही कसे सापडलो, ते आधी सांगावे लागेल.

१९९८ साली आम्ही दोन भागीदारांनी काम सुरू केले, तेव्हा ग्राफिक्स कार्ड हा वेगळा विषय होईल असे आम्हाला वाटले नव्हते. स्क्रीनवर अक्षरे उमटली की कार्डाचे काम संपले, अशीच सर्वांची समजूत होती. ती मोडली थ्रीडीएफएक्स या कंपनीच्या व्हूडू कार्डाने. हे कार्ड फक्त त्रिमितीय चित्रेच काढत असे; रोजच्या कामासाठी दुसरे साधे कार्ड लागत असे, आणि त्या कार्डाचा सिग्नल एका आखूड केबलने व्हूडूमध्ये आणून तेथून पुढे मॉनिटरला द्यावा लागे. ती केबल हलक्या प्रतीची असली की अक्षरांच्या कडा पुसट दिसत. पहिली तक्रार आली तेव्हा आम्ही मॉनिटर बदलला, मग साधे कार्ड बदलले, आणि दोन दिवसांनी वीतभर केबल बदलल्यावर अक्षरे धारदार झाली. ग्राफिक्सच्या धंद्यातला आमचा पहिला धडा असा केबलीने शिकविला.

त्या काळी मैदानात मॅट्रॉक्स, एसथ्री, एटीआय, एनव्हिडिया, आय७४० ही चिप घेऊन उतरलेली इंटेल अशी बरीच मंडळी होती. थ्रीडीएफएक्सचे बळ तिच्या ग्लाइड या स्वतःच्या प्रणालीत होते; ग्लाइडसाठी लिहिलेला खेळ दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर त्या रूपात चालत नसे. परंतु या कंपनीने एसटीबी ही कार्ड बनविणारी कंपनी विकत घेतली आणि आपल्या चिपची कार्डे आपणच विकायची असे ठरविले, तेव्हा आजवर तिच्या चिप घेणारे कारखानदार साहजिकच एनव्हिडियाच्या दारात जाऊन उभे राहिले. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सने आपली मालमत्ता एनव्हिडियालाच विकण्याचा करार केला. पुढच्या वर्षी विंडोज एक्सपी आली आणि व्हूडूधारक ग्राहक आमच्याकडे येऊ लागले. कार्डे ठणठणीत होती, पण त्यांच्यासाठी नवा ड्रायव्हर लिहिणारे कोणी उरले नव्हते. काही हौशी मंडळींनी जुन्या ड्रायव्हरची डागडुजी करून एक्सपीवर चालणाऱ्या आवृत्त्या तयार केल्या. त्या आम्ही सीडीवर उतरवून ठेवल्या. वहीच्या आधीची आमची वही म्हणजे ती सीडी.

एनव्हिडिया पुढे का गेली, याचे उत्तर लोक १९९९ च्या जीफोर्स २५६ मध्ये शोधतात, आणि ते चूक नाही. आकृत्यांचे रूपांतर आणि प्रकाशाचे गणित त्या चिपने प्रोसेसरकडून आपल्याकडे घेतले होते. आम्हाला मात्र त्याहून मोलाचा वाटला तो त्यांचा डेटोनेटर ड्रायव्हर, कारण अनेक पिढ्यांच्या कार्डांना एकच संच चालत असे. ज्याला दिवसाला चार यंत्रे उभी करायची आहेत, त्याला या सोयीची किंमत कळते. एटीआयची चिप कागदावर तोडीस तोड असायची, पण तिच्या ड्रायव्हरविषयी ग्राहकांच्या मनात शंका असे, आणि २००१ सालच्या एका प्रकरणाने ती शंका पक्की झाली. एटीआयच्या रेडिऑन ८५०० वर ‘क्वेक ३’ हा खेळ लावून पाहणाऱ्या परीक्षकांनी खेळाच्या फाइलीतील ‘क्वेक’ हे नाव बदलून ‘क्वॅक’ केले, तेव्हा वेग उतरला आणि भिंतींवरचे पोत अधिक स्वच्छ दिसू लागले. म्हणजे ड्रायव्हर खेळाचे नाव ओळखत होता आणि चित्राचा दर्जा कमी करून वेग वाढवीत होता. या प्रकरणाचा उत्तरार्ध फारसा कोणी सांगत नाही : पुढच्या ड्रायव्हरमध्ये चित्राचा दर्जा परत आला आणि वेगही जवळजवळ तेवढाच राहिला. चिपमध्ये ताकद आधीपासून होती, ती बाहेर काढणारा ड्रायव्हर लिहायचा राहिला होता.

दोन वर्षांत पारडे उलटले. ऑगस्ट २००२ मध्ये आलेल्या रेडिऑन ९७०० प्रोने एनव्हिडियाला खरोखर मागे टाकले, आणि त्याच वर्षी एटीआयने कॅटलिस्ट नावाने ड्रायव्हर नियमितपणे देण्याची शिस्त लावून घेतली. एनव्हिडियाचे उत्तर उशिरा आले, ते जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा. त्याच्या पंख्याचा आवाज एवढा मोठा होता की खुद्द एनव्हिडियानेच त्यावर स्वतःची थट्टा करणारी चित्रफीत काढली. मे २००३ मध्ये थ्रीडीमार्क०३ या चाचणी-सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांनी जाहीर केले की एफएक्सचा ड्रायव्हर या चाचणीला ओळखून वागतो. चाचणीतील कॅमेरा ठरलेल्या वाटेनेच फिरत असल्यामुळे, तो जिकडे वळणारच नाही तिकडचे काम ड्रायव्हर गाळून टाकीत होता. प्रमाण बरेच कमी असले तरी एटीआयच्या ड्रायव्हरमध्येही त्या चाचणीसाठी खास केलेला बदल सापडला होता.

त्या महिन्यात आम्ही कोटेशनवर बेंचमार्कचे (वेग मोजणाऱ्या चाचण्यांचे) आकडे लिहिणे बंद केले. त्याऐवजी ग्राहकाला सांगू लागलो की, तुमची स्वतःची सर्वांत जड फाइल घेऊन या, ती दोन्ही कार्डांवर तुमच्यासमोर उघडू आणि मग ठरवा. यात आमचा वेळ फार जाई आणि सुरुवातीला विक्री थोडी घटलीही. पण चित्रफीत संपादक, वास्तुविशारद आणि यंत्ररचनाकार यांच्यात आमचे नाव झाले ते याच पद्धतीमुळे. खेळ खेळणारा ग्राहक आकड्यांवर प्रेम करतो, व्यावसायिक ग्राहक वेळेवर काम हातावेगळे करण्यावर. आम्ही दुसऱ्याकडे वळलो.

वही मात्र त्यानंतरही सुरू झाली नव्हती. ती सुरू झाली एका सकाळच्या फोनमुळे. एका वास्तुविशारद बाईंच्या कार्यालयात आम्ही सहा यंत्रे दिली होती.

“अहो, काल रात्रीपर्यंत सगळं नीट होतं, आणि आज सहाही मशिनवर मॉडेल फिरवलं की भिंती गायब होतात. दुपारी क्लायंट येतोय.”

“मॅडम, काल काही नवीन टाकलंत का?”

“आम्ही काहीच टाकलं नाही. बंद करताना त्यानंच काहीतरी अपडेट केलं.”

मी पोहोचलो तेव्हा पाचव्या मजल्याचा जिना हवेत लोंबकळत होता आणि त्याला धरून ठेवणारी भिंत दिसत नव्हती. उपाय माहीत होता : यंत्र सेफ मोडमध्ये (किमान सोयींनिशी) सुरू करायचे, ड्रायव्हर मुळापासून काढून टाकायचा, जुनी आवृत्ती बसवायची आणि आपोआप होणारे अपडेट रोखायचे. अडचण एवढीच होती की जुनी आवृत्ती म्हणजे नेमकी कोणती, हे मला आठवत नव्हते. तीन आवृत्त्या लावून पाहिल्या. तिसरीवर भिंती परत आल्या, तेव्हा त्यांचे अशील जिना चढत होते. त्या रात्री पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर त्या आवृत्तीचा आकडा लिहिला आणि पुढे शेरा लिहिला : “भिंती दिसतात. हात लावू नये.” कार्ड कोणत्या कंपनीचे होते ते येथे लिहीत नाही, कारण पुढच्या पानांवर अशाच नोंदी दुसऱ्या कंपनीच्या नावावरही आहेत.

२००६ साली एएमडीने एटीआय विकत घेतली आणि त्याच वर्षी एनव्हिडियाने कुडा जाहीर केले. तेव्हा पहिली बातमी मोठी वाटली. आमच्या धंद्यावर परिणाम केला तो दुसरीने. ग्राफिक्स चिपकडून चित्रांखेरीज इतर गणितही करून घेण्याची ती व्यवस्था होती, आणि ती एनव्हिडियाच्याच कार्डांपुरती होती. ओपनसीएल हा सर्वांसाठी खुला पर्याय पुढे आला, पण रेंडरिंगची (मॉडेलवरून अंतिम चित्र तयार करणारी) सॉफ्टवेअरे लिहिणाऱ्यांपैकी अनेकांनी कुडाची वाट आधीच धरली होती. त्यामुळे “कोणते कार्ड चांगले?” या प्रश्नाला अर्थच उरला नाही, ग्राहक कोणते सॉफ्टवेअर वापरतो, यावरच कार्ड ठरू लागले. ग्लाइडचाच हा दुसरा अवतार आहे, असे माझे भागीदार तेव्हा म्हणाले होते, आणि हाही फार दिवस टिकणार नाही असे भाकीतही त्यांनी केले होते. भाकिताचा विषय आम्ही आता काढत नाही.

लिनक्स या खुल्या कार्यप्रणालीवर काम करणाऱ्या ग्राहकांच्या बाबतीत चित्र उलटे होते. एएमडीने २००७ पासून आपल्या चिपची तांत्रिक कागदपत्रे खुली करायला सुरुवात केली आणि पुढे तिचा ड्रायव्हर थेट लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच, आला. एनव्हिडियाचा ड्रायव्हर मात्र बाहेरून जोडायचा असे, त्यामुळे कर्नलची आवृत्ती बदलली की तोही नव्याने बांधून घ्यावा लागे. २०१२ साली लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी भर व्याख्यानात एनव्हिडियाला जी खूण केली, तिचे वर्णन औपचारिक मराठीत करता येत नाही. एनव्हिडियाने कर्नलमध्ये जाणारा आपला भाग खुला केला तो मे २०२२ मध्ये.

सगळे नुकसान ड्रायव्हरमुळेच झाले असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मध्यंतरी बंद पडलेली कार्डे तापवून जिवंत करण्याचे काम आम्ही उत्साहाने घेतले होते. गरम हवेने चिप तापविली की कार्ड सुरू होई, ग्राहक दुवा देई, आणि काही आठवड्यांनी तेच कार्ड परत येई. तडा बहुधा चिप आणि तिच्याखालील पट्टी यांच्यामधल्या सूक्ष्म जोडात असतो, आणि तापविल्याने तो क्षणभर जुळतो, सांधत नाही, हे आम्हाला उशिरा कळले. घेतलेले पैसे परत करून आम्ही ते काम बंद केले. दुसऱ्या एका वेळी एका कार्ड-उत्पादकाने नाव आणि खोका तोच ठेवून आतली मेमरी संथ प्रकारची घातली. ग्राहकाच्या फाइलीला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागू लागला, तेव्हा आम्ही हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) उघडून मेमरीच्या चिपवरील क्रमांक भिंगाने वाचले. पुरवठादाराने हात वर केले. तो माल आमच्या माथी बसला. तेव्हापासून वहीत मेमरीच्या प्रकाराचा स्वतंत्र रकाना आहे.

क्रिप्टो चलनाच्या खाणकामाने (कार्डांकडून गणिते करून घेऊन नाणी मिळविण्याने) २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये कार्डे बाजारातून नाहीशी केली, त्याविषयी थोडक्यातच सांगतो, कारण त्या काळात आम्ही कार्डे विकण्यापेक्षा ग्राहकांची समजूत घालण्याचेच काम जास्त केले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या क्रिप्टो चलनाने आपली पद्धत बदलली, कार्डांवरचे त्याचे खाणकाम संपले आणि खाणीतली कार्डे जुन्या बाजारात आली. त्यांतील काही आम्ही उघडली : थर्मल पॅडमधले (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्टीतले) तेल बोर्डभर पसरलेले, पंख्याच्या बेअरिंगची खरखर, आणि तरी चिप धडधाकट. आम्ही ती घेतली नाहीत. ज्यांनी घेतली त्यांतल्या पुष्कळांचे बरे चालले आहे, हेही सांगितले पाहिजे.

त्याच सुमारास इंटेलने आर्क कार्डे आणली आणि आमच्या वहीतला सर्वांत रंजक भाग सुरू झाला. डायरेक्टएक्स ९ या विंडोजच्या जुन्या ग्राफिक्स व्यवस्थेवरचे खेळ ही कार्डे थेट न चालविता भाषांतर करून चालवीत, आणि मदरबोर्डवर रिसायझेबल बार ही (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) सोय चालू नसेल तर ती अडखळत. सुरुवातीला आम्ही त्यांची शिफारस करीत नव्हतो. पुढील काही महिन्यांत आलेल्या ड्रायव्हरांनी त्याच चिपची चाल पालटली, आणि एव्ही१ या प्रकारात चित्रफीत कमी जागेत साठविण्याची सोय तर या कार्डांत एनव्हिडिया आणि एएमडी यांच्याही आधी आली होती. एकाच कार्डाच्या नावापुढे आमच्या वहीत प्रथम “नको”, मग “थांबा” आणि शेवटी “संपादनासाठी चालेल” असे तीन शेरे आहेत. कार्डात एका स्क्रूचाही फरक पडलेला नाही.

वहीचा अलीकडे सर्वांत जास्त उपयोग होतो तो जुन्या कार्डांसाठी. २०२१ साली, म्हणजे नवी कार्डे मिळणे मुश्किल झाले असतानाच, एएमडीने जून महिन्यात रेडिऑन एचडी ७००० पासूनच्या कित्येक पिढ्यांचा नियमित ड्रायव्हर थांबविला, आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी एनव्हिडियाने आपल्या केप्लर या जुन्या पिढीच्या कार्डांना खेळांसाठीचे ड्रायव्हर देणे बंद केले. ज्या दोन कंपन्यांचे पाव शतकात कशावरही एकमत झाले नाही, त्यांचे येथे जवळजवळ मुहूर्तासकट जुळले. त्या पिढीतली आम्ही दिलेली एकोणचाळीस यंत्रे अजून कामावर आहेत. त्यांच्या शेवटच्या ड्रायव्हर आवृत्त्या दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरविलेल्या आहेत, आणि नव्याने आलेला मुलगा या आठवड्यात प्रत्येक फाइल उघडून, यंत्रावर चालवून, सतराव्या वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहत आहे. आतापर्यंत बावीस जुळल्या आहेत.