बुधवारचा पहिला तास

बुधवार, रात्र

सोमवारी उत्साह दांडगा असतो. शुक्रवारी काम हातावेगळं करायची घाई असते आणि ती घाईच पुढे ढकलत नेते. अडतं ते बुधवारी. चित्रं काढणं हेच माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे हे मला फार जवळून दिसतं. बुधवारी रेघ चुकत नाही, पण तिच्यात जीव नसतो. हात सरावाने चालत राहतो, मन भलतीकडेच. जे काम आवडतं म्हणून निवडलं, तेच उरकायचं काम होऊन बसतं, आणि हे मला अजिबात सोसत नाही.

थकवा म्हणून यातून मोकळं होता येईल. पण मग थकवा शुक्रवारी जास्त असायला हवा, आणि शुक्रवारी तर हात झरझर चालतो. या मधल्या घसरणीवर मानसशास्त्रात चांगलं काम झालेलं आहे. २०११ साली आलेल्या एका अभ्यासातली मांडणी मला अगदी पटली: सुरुवातीला आपण मागे वळून पाहतो, किती आलो ते मोजतो, शेवट जवळ आला की किती उरलं ते मोजतो. मध्यावर दोन्ही टोकं सारखीच लांब असतात, म्हणून टाकलेलं पाऊल मोजमापात दिसतच नाही. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, मानसशास्त्रज्ञ आयलेट फिशबाख आणि त्यांच्या सहकारी संशोधक यांचा एक अभ्यास आला. त्यातल्या एका प्रयोगात लोकांना कात्रीने आकार कापायला दिले होते. सुरुवातीचे आणि शेवटचे आकार नीटस निघाले; कोपरे गाळले गेले ते मधल्या आकारांचे. हातकाम करणाऱ्या कुणालाही हे लगेच कळेल.

म्हणून मी आठवड्याला मध्यच ठेवत नाही. बुधवारी सकाळी आठवडा पुन्हा सुरू होतो. नवा आठवडा, नवा महिना, वाढदिवस अशा खुणांनंतर माणसं नव्या जोमाने कामाला लागतात, हे २०१४ च्या एका संशोधनात दिसलं होतं. सोमवारचं बळ तेवढंच आहे: आपण तिथे एक रेघ मारलेली असते. तशी रेघ बुधवारीही मारता येते. फक्त ती मनातल्या मनात मारून चालत नाही, हातांना काहीतरी करावं लागतं.

बुधवारच्या पहिल्या तासात माझे हात आधी पेन्सिली तासतात. शार्पनरने नाही, ब्लेडने. शार्पनर आखूड, गोल टोक देतो. ब्लेडने शिसं बोटाच्या पेरभर उघडं ठेवता येतं, मग पेन्सिल आडवी धरून रुंद, मऊ छटा भरता येते आणि उभी धरली की तीच केसासारखी बारीक रेघ देते. लाकूड पातळ पातळ सोलायचं, शिशाला धक्का लागू द्यायचा नाही. टूबी आणि फोरबी या प्रकारच्या पेन्सिलींचं शिसं फार मऊ, जरा जोर पडला की तुटतं. या कामात मोबाईल हातात धरताच येत नाही, हा त्याचा मोठाच गुण. शेवटची पेन्सिल होईपर्यंत श्वास संथ झालेला असतो आणि नजर एका जागी ठरलेली असते.

मग आरसा. सोमवार-मंगळवारचं अर्धवट चित्र आरशासमोर धरते आणि आरशातलंच बघते. ही युक्ती फार जुनी आहे. लिओनार्दो दा विंचीने चित्रकलेवरच्या टिपणांत ती लिहून ठेवली आहे. दोन दिवस एकाच चित्राकडे पाहून डोळे त्याच्या दोषांना सरावतात. खांदा कलला असला तरी तो तसाच असायचा, असं वाटू लागतं. आरशात कल उलट्या बाजूला जातो, सवय तिथे उपयोगाला येत नाही आणि चूक एकदम ओरडून सांगते. आज माझ्या चित्रातल्या म्हाताऱ्या बाईंचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा स्पष्ट वर चढलेला दिसला, आणि खुर्चीची पाठ तर पडायलाच आली होती. स्क्रीनवर काढणाऱ्यांना चित्र उलटवायला एक बटण पुरतं. त्यांनी ते बुधवारी जरूर दाबावं. दोष दिसला की हात शिवशिवायला लागतात. मला वाटतं, गेलेली ओढ परत येण्याचा हा सगळ्यात खात्रीचा रस्ता आहे: कामाचं कौतुक करत बसण्यापेक्षा त्यात अजून काय करायचं बाकी आहे हे स्वच्छ दिसणं.

आठवड्याच्या मध्यावर सरळ सुट्टी घ्या, असा सल्ला पुष्कळदा मिळतो. शरीर दमलं असेल तर घ्यावीच. लिओनार्दोनेही मध्ये काम सोडून थोडं दूर जायला सांगितलंय, पण परत आल्यावर पारख चांगली होते म्हणून. परत येणं त्यात गृहीत आहे. नुसत्या विश्रांतीने मी ताजी होते, पण चित्राची ओढ आपोआप परत येत नाही. ती कागदाजवळच परत येते.

तासाचा उरलेला भाग कुणीही न मागितलेल्या चित्राचा. विषय बहुतेक वेळा माझाच डावा हात, कारण तो कायम समोर असतो आणि कधीच सोपा वाटत नाही. हे पान कुणाला दाखवायचं नसतं, विकायचं नसतं, नीट यायलाही हवं असं नाही. मागणीबरहुकूम काम करणाऱ्या प्रत्येकाला, लिहिणारा असो की वाजवणारा, अशी एखादी जागा हवीच हवी, हे मी अगदी जीव तोडून सांगेन.

हे सगळं जमायचं तर मंगळवारची संध्याकाळ नीट बंद व्हावी लागते. अर्धवट काम मागे टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही अंश मागेच अडकतो, हे संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये मांडलं. आणि कुठे थांबलो, परत आल्यावर काय करायचं हे दोन ओळींत टिपून ठेवलं तर ते अडकलेलं लक्ष मोकळं व्हायला मदत होते, हे २०१८ मधल्या त्यांच्याच पुढच्या कामात आहे. मी चिठ्ठी चित्राच्या मागेच चिकटवते.

आणि ही रोजनिशी. तेरेसा अमाबिली आणि स्टीव्हन क्रेमर या संशोधकांनी सात कंपन्यांतल्या २३८ जणांच्या रोजच्या नोंदी तपासल्या, जवळजवळ १२,०००. कामाच्या दिवसात माणसाचा हुरूप सगळ्यात जास्त वाढवणारी गोष्ट निघाली ती आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या कामात थोडं तरी पुढे सरकणं. म्हणून बुधवारी काय सरकलं, एवढंच लिहायचं. काय राहिलं ते चिठ्ठीवर असतंच.

तर आज: डोळा खाली घेतला, पापणीची कड पुन्हा बांधली. खुर्ची सरळ केली, त्यामुळे मागची भिंत आपोआप सुटसुटीत झाली. कानाजवळची छटा फोरबीने भरली, फार गडद झाली होती, खोडरबरने टिपून टिपून उचलली. मांडीवरच्या हातांना अजून हात लावलेला नाही. उद्या आधी तेच, डाव्या मनगटापासून.