आषाढातल्या शुक्रवारी कोल्हापुरात जेवणाचा बाजार

आषाढातील त्र्यंबोली देवीच्या यात्रेनिमित्त आमच्या भावकीचे जेवण यंदा शुक्रवारी कोल्हापुरात ठरले आणि बाजार करण्याचे काम पुण्याहून त्याच सकाळी पोहोचणाऱ्या आम्हा दोघा चुलत भावांकडे आले. "सगळं हितंच मिळतंय, वाटेतनं काय आणू नका," असे थोरल्या काकूंनी फोनवर बजावले होते. मिळते हे खरेच. मात्र आषाढातील मंगळवारी आणि शुक्रवारी गल्लोगल्ली एकाच वेळी तेच मटणाचे जेवण रांधले जात असते, हे बाहेरून येणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

तावडे हॉटेलपाशी महामार्ग सोडेपर्यंत सारे सुरळीत होते. शहरात मात्र पंचगंगेचे नवे पाणी घेऊन त्र्यंबोलीच्या टेकडीकडे निघालेली मिरवणूक आडवी आली. पुढे पी ढबाक वाद्यांचा गजर, मागे डोक्यावर कलश घेतलेल्या बायका, आणि त्यांच्यामागे निमूट थांबलेली वाहने. अशा दिवशी गाडी दसरा चौकात लावून लक्ष्मीपुरीत चालत जावे.

मटणाच्या दुकानासमोरची रांग रस्त्यावर आली होती. आमची पाळी आली तेव्हा दुकानदार म्हणाला, "पाव्हणं, नळी संपली. निव्वळ मांडी देऊ काय?" मांडीचे सुके उत्तम होते, पण तांबड्या-पांढऱ्या रश्शाला जी अळणी, म्हणजे मटण शिजवलेले पाणी, लागते तिला हाडाचाच रस हवा, शेवटी दुसऱ्या गल्लीत जाऊन हाडाचे तुकडे मिळवावे लागले. म्हणून सुक्याला किती, रश्शाला किती आणि खिमा किती, हे आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवावे. किलोमागे चार-पाच माणसे धरली तर पुरते. वाट्यांवर वाट्या ओरपणारी मंडळी जास्त असतील तर वाढीव मटणात हाडाचा वाटा अधिक ठेवावा.

खरी फजिती नारळांनी केली. दुकानात प्रत्येक नारळ कानाशी हलवून, पाणी वाजते की नाही हे पाहून घेतला होता. घरी पहिला चांगला निघाला. दुसऱ्याचे खोबरे पिवळट, हाताला तेलकट आणि वासाला खवट. तिसऱ्याच्या डोळ्याखाली करड्या बुरशीचा ठिपका होता आणि कोयत्याच्या पात्यालाही तो कुबट वास लागला. तोवर कोपऱ्यावरच्या दुकानातले नारळ संपले होते. काकूंनी तीळ, खसखस आणि काजूचे वाटण वाढवले, आणि जेवढे नारळाचे दूध निघाले ते अगदी शेवटी, मंद आचेवर ढवळत घातले, कारण खळखळून उकळले की ते फुटते. चव जमली, सालीचे तीळ पडल्यामुळे रंग मात्र किंचित करडा आला आणि त्यावर पंगतीत यथेच्छ टीका झाली. नारळ दुकानातच फोडून घ्यावेत, दोन जास्तीचे घ्यावेत आणि तीळ पांढरे, सोललेले मागावेत.

कांदा-लसूण चटणी शक्यतो नातेवाइकांकडचीच मागून घ्यावी, कारण उन्हाळ्यात डंकावर कुटून ठेवलेल्या घरच्या चटणीचा तिखटपणा त्या घराला माहीत असतो. विकतची आणली तर आधी चिमूटभर चाखावी: ब्याडगी मिरचीने रंग येतो, संकेश्वरीने घाम येतो. शिवाय चटणीत मीठ असतेच, त्यामुळे रश्शात वरून घालताना हात आखडता ठेवावा.

शुक्रवार पाळणाऱ्या आत्यांची आठवण सर्वांना दुपारी बाराला झाली. लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या दुकानातून अख्खा मसूर सकाळीच आणून भिजत घातला असता तर त्यांना ताटकळावे लागले नसते. ऐन वेळी आणलेला मसूर कुकरमध्ये शिजला खरा, पण निम्मा पिठूळ झाला.

परतताना गूळ घ्यायचा असेल तर तो शाहू मार्केट यार्डाच्या बाजूने घ्यावा. 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या गुळाचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो; आषाढात मिळतो तो साठवणीचा, तेव्हा ढेप दाबून पाहावी आणि पाघळलेली असेल तर घेऊ नये.