बोटाच्या कड्याचा चाकू : आमची वाटचाल

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा लहानसा कारखाना आहे. वडिलांच्या काळात येथे खुरपी, विळे आणि ऊसतोडीचे कोयते घडवले जात, आणि यंत्रमागांचे सुटे भागही दुरुस्तीला येत. पुढे मागांची कामे रोडावली आणि बाजारात साच्यातले स्वस्त विळे आले, तेव्हा ठोक मालाचा नाद सोडून गिऱ्हाइकाच्या हाताला व कामाला बसेल असा एकेक चाकू घडवून द्यायचे आम्ही ठरवले. सुरुवातीला आचारी आणि खाटीक बांधवांची कामे मिळाली. मात्र आमच्या कामाला खरे वळण लागले ते उजनीच्या पाणलोटाकडच्या एका मच्छीमाराने सांगितलेल्या चाकूमुळे.

त्यांची अडचण नेमकी होती. जाळे ओढताना दोन्ही हात गुंतलेले असतात. चाकू होडीच्या काठावर ठेवला तर पाण्यात जातो आणि कमरेच्या म्यानातून काढेपर्यंत दोरीचा गुंता आणखी आवळतो. शिवाय कटला, रोहू, चिलापी हाताळून तळवा बुळबुळीत झालेला असतो, त्यामुळे जोर लावताच मूठ सरकते आणि बोटे पात्यावर जातात. या दोन्हींवर उपाय एकच होता : पाते आणि मूठ यांच्या सांध्यावर, खालच्या अंगाला, तर्जनी आरपार जाईल असे लोखंडी कडे. बोट कड्यात असले की हात पुढे घसरत नाही, आणि पंजा उघडून दोरी धरली तरी चाकू बोटाला राहतो.

कड्याची कल्पना जगाला नवी नाही. इंडोनेशिया-मलेशियाकडच्या करंबित नावाच्या वाकड्या चाकूला मुठीच्या टोकाशी असेच कडे असते. आपल्याकडे वाघनखांना बोटांसाठी कडी असतात आणि बिचव्याची मूठ बंद वळ्याची असते. पण ती हत्यारे लढाईची. आम्हाला दिवसभर वापरायचे अवजार हवे होते, म्हणून प्रत्येक माप कामावरूनच ठरवावे लागले.

सर्वांत जास्त विचार कड्याच्या आतल्या मापावर झाला, कारण कड्याचा फायदा आणि धोका तेथेच आहे. पाते जाळ्यात अडकले आणि होडीला हिसका बसला, तर घट्ट कड्यातले बोट निखळू शकते किंवा त्याची कातडी सोलून निघू शकते. त्यामुळे बोटाच्या मुळाचे माप उपयोगाचे नाही; मधल्या पेराच्या सांध्यावर, जेथे बोट सर्वांत जाड असते तेथे, कागदाची पट्टी गुंडाळून घेर घ्यावा लागतो. या गिऱ्हाइकाचा घेर ७२ मिलिमीटर भरला, म्हणजे व्यास सुमारे २३ मिलिमीटर. पाण्यात बोट फुगते हे धरून आम्ही कड्याची आतली रुंदी २६ मिलिमीटर ठेवली. कडे अगदी गोल न करता थोडे लांबट आणि मुठीशी किंचित तिरके ठेवले, कारण मूठ आवळल्यावर तर्जनी सरळ उभी राहत नाही. प्लायवूडचा नमुना कापून त्यांच्या हाती दिला, तळव्याला साबण चोळायला सांगितले आणि दोरी ओढून पाहायला लावली. बोट एका झटक्यात बाहेर येते याची खात्री झाल्यावरच लोखंडाला हात घातला.

ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांपासून चाकू करण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, पण वर्षानुवर्षे खड्डे सोसलेल्या पाट्यात न दिसणारी चीर असू शकते आणि कड्यासारख्या अरुंद भागात ती घातक ठरते. म्हणून त्याच जातीच्या पोलादाची, ईएन-४५ची, नवी पट्टी घेतली. पट्टी नरम असतानाच भोक पाडून कानशीने आकार दिला आणि कड्याच्या आतल्या दोन्ही कडा पूर्ण गोलावल्या. पाच मिलिमीटर जाडीची काटकोनी कड तासाभरात बोट सोलते. पाणी देण्यासाठी, म्हणजे पोलाद कडक करण्यासाठी, पाते तापवताना लोहचुंबक लावून पाहतात. साधारण ७७० अंश सेल्सियसला पोलादाला चुंबक चिकटेनासे होते, तेथून आणखी थोडे तापवून कोमट तेलात बुडवायचे. नंतर २०० अंशांच्या आसपास शेकून पात्याचा ठिसूळपणा काढला. कडे मात्र पात्याइतके कडक नको. पाते पाण्यात बुडवून ठेवून कड्यावर टॉर्चची ज्योत फिरवली आणि त्यावर निळा रंग चढताच थांबलो. तो रंग सुमारे ३०० अंशांना येतो आणि तेवढ्या उष्णतेने कडे चिवट होते.

मुठीचे काम मला विशेष आवडते, कारण त्यात सोलापूर आहे. शिसवीचे लाकूड सुंदर दिसते, पण सतत पाण्यात फुगते. आम्ही चादरींच्या सुती कातरणांचे थर इपॉक्सीत (घट्ट होणाऱ्या चिकट राळेत) भिजवून शिकंज्यात रात्रभर दाबतो. त्याची फळी घासल्यावर कापडाच्या रंगांच्या वळणदार रेषा वर येतात, आणि ओल्या हाताला ती लाकडापेक्षा चांगली पकड देते. पितळी पिना मारून मूठ पक्की केली.

पोलाद गंजणारे आहे, हे आम्ही आधीच सांगतो. स्टेनलेस वापरता आले असते, परंतु होडीतल्या साध्या दगडावर धार लावता येणे या कामात अधिक मोलाचे वाटले. काम झाल्यावर पाते पुसून करडईच्या तेलाचा हात फिरवावा. ते तेल वाळून पातळ थर धरते.

आता या घडणीचे चाकू इतर मच्छीमारही मागतात. दिखाव्यासाठी, दुधारी किंवा लांब पात्याचे कड्याचे चाकू मागणारेही येतात. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे वेगळी धरली आहेत आणि घरगुती, शेतीच्या व औद्योगिक कामाच्या अवजारांना त्यातून वगळले आहे. आमचे पाते चार इंचांचे, एकधारी आणि बोथट टोकाचे असते. चाकू कोणत्या कामासाठी हवा हे ज्यांना सांगता येत नाही, त्यांची मागणी आम्ही घेत नाही. ज्यांची घेतो, त्यांना बोटातली अंगठी काढून यायला सांगतो, कारण अंगठीसह कड्यात बोट घालणे धोक्याचे आहे आणि अंगठीवरून घेतलेले मापही चुकते.