आयोडीन न घातलेली पेशी

आठवीला ‘पेशी व पेशीअंगके’, म्हणजे पेशी आणि तिच्या आतले निरनिराळी कामे करणारे भाग, हा पाठ आला की पहिला प्रयोग ठरलेला असतो. कांद्याच्या खवल्याच्या आतल्या बाजूची पातळ साल चिमट्याने सोलायची, काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात ती सुरकुती न पडू देता पसरायची, आयोडीनचा एक थेंब टाकून वर आच्छादक काच हळूच ठेवायची, आणि सूक्ष्मदर्शकाखाली विटांसारख्या रचलेल्या पेशी व प्रत्येकीतला तपकिरी ठिपका, म्हणजे केंद्रक, पाहून वहीत आकृती काढायची. हा प्रयोग मी अनेक वर्षे घेतला आहे आणि तो चांगलाच आहे. दोन वर्षांपूर्वी मात्र एका मुलीने भिंगावरून डोळा न काढता विचारले, “बाई, ही पेशी आत्ता जिवंत आहे का?” मला “नाही” म्हणावे लागले. ज्या आयोडीनमुळे केंद्रक उठून दिसते, त्याच आयोडीनमुळे पेशी मरते. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात ज्या खोल्या पाहिल्या, त्याही रिकाम्याच होत्या. आतले सगळे सुकून गेले होते आणि फक्त पेशीभित्तिका उभ्या होत्या. त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी शिकवण्याचा क्रम बदलला, त्याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

आता मी कांद्याच्या आधी हायड्रिला दाखवते. ही पाणवनस्पती तळ्यात सापडते, नाहीतर शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात मिळते. शेंड्याजवळचे एक कोवळे पान तोडून अख्खेच पाण्याच्या थेंबात ठेवायचे. ते जेमतेम दोन पेशींच्या जाडीचे असल्यामुळे कापावे लागत नाही, आणि हरितलवके, म्हणजे पानाचे अन्न तयार करणारे पेशीतले दाणे, मुळातच हिरवी असल्यामुळे रंजकही लागत नाही. सुरुवातीला काही वेळ सारे निश्चल दिसते, तेव्हा मुले कंटाळण्याच्या आत पानाला थोडा उजेड आणि थोडी ऊब मिळू द्यावी. मग मधल्या शिरेजवळच्या एखाद्या पेशीत एक हिरवा दाणा सरकतो, त्यामागे दुसरा, आणि पाहता पाहता त्या पेशीतली हरितलवके भिंतीच्या कडेकडेने एकाच दिशेने फिरू लागतात. कोपऱ्यावर आली की ती किंचित दाटतात, वळतात आणि पुन्हा सुटी होऊन पुढे जातात. बोनाव्हेंतुरा कोर्ती या इटालियन अभ्यासकाने १७७४ साली पाणवनस्पतींच्या पेशींत हाच प्रवाह पाहिला होता.

हरितलवके स्वतः पोहत नाहीत. पेशीद्रव्यात, म्हणजे पेशीतल्या दाटसर द्रवात, ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे अतिशय बारीक धागे ताणलेले असतात. त्या धाग्यांवरून मायोसिन हे दुसरे प्रथिन एटीपीची, म्हणजे पेशीच्या इंधनाची, ऊर्जा खर्च करत पावले टाकत जाते आणि पेशीअंगकांना ओढून नेते. त्या ओढीने सगळे पेशीद्रव्यच वाहू लागते. आपल्या स्नायूंचे आकुंचन याच दोन प्रथिनकुळांवर चालते, हे सांगितले की मुले आपला दंड दाबून पाहतात. मोठ्या पेशीला या वाहण्याची गरजही असते, कारण रेणू आपोआप पसरत जाण्याला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट होतो.

हरितलवके कडेनेच का फिरतात, मधून का जात नाहीत, असा प्रश्न हमखास येतो आणि तिथून रिक्तिकेकडे, म्हणजे पेशीतल्या रसाने भरलेल्या पिशवीकडे, वळता येते. यासाठी लाल कांदा उत्तम. या वेळी साल खवल्याच्या बाहेरच्या, जांभळट बाजूची काढायची आणि आयोडीन घालायचे नाही. जवळजवळ संपूर्ण पेशी जांभळी दिसते, आणि तो जांभळा भाग म्हणजेच रिक्तिका, कारण रंगद्रव्य तिच्यातल्या रसात विरघळलेले असते. पाठ्यपुस्तकात आम्ही रिक्तिका एका ओळीत उरकतो, आणि इथे तिने बाकी सर्वांना भिंतीकडे सारलेले असते. आता आच्छादक काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडून दुसऱ्या कडेला टिपकागद लावावा. जांभळा रंग भिंतीपासून सुटतो, आक्रसतो आणि गडद होतो. भिंत मात्र जागेवर राहते. मग त्याच वाटेने साधे पाणी सोडले की रंग पुन्हा भिंतीपर्यंत पसरतो. पाण्यात टाकलेली कोथिंबीर पुन्हा ताठ होते ती याच रिक्तिकांच्या दाबामुळे, हे यानंतर निराळे समजावून सांगावे लागत नाही.

आमच्या सूक्ष्मदर्शकाची मजल इथवरच आहे. पुढची पेशीअंगके आकृतीतूनच शिकवावी लागतात, आणि माझा आक्षेप आकृतीच्या निश्चलपणाला आहे. पेशीला ऊर्जा पुरवणारी तंतुकणिका घ्या. आकृतीत ती घेवड्याच्या दाण्यासारखी एकटी पडलेली असते. जिवंत पेशीत तंतुकणिका पुष्कळदा लांब धाग्यांच्या रूपात असतात. ते धागे एकमेकांना जुळतात, तुटतात, पुन्हा जुळतात. कार्ल बेंडाने १८९८ साली धागा आणि दाणा या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून या अंगकाला नाव दिले, आणि आपल्या मराठी परिभाषेने तंतू आणि कणिका हे दोन्ही शब्द जपले. मुलांना नाव पाठ असते, पण त्यातला तंतू आकृतीत कुठेच सापडत नाही.

त्याच १८९८ साली कामिल्लो गॉल्जी यांना घुबडाच्या चेतापेशींत, चांदीच्या क्षारांनी रंगवल्यावर, एक जाळीदार रचना दिसली. ती खरोखर पेशीत असते की रंगवण्याच्या क्रियेतून निर्माण होते, हा वाद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक येईपर्यंत, म्हणजे सुमारे अर्धशतक चालला. रचना खरी ठरली. तिचे काम पुढे उलगडले, आणि ते ज्या प्रयोगांनी उलगडले ते मला या सगळ्या विषयातले सर्वांत सुंदर प्रयोग वाटतात. १९६०च्या दशकात जॉर्ज पालाडे आणि जेम्स जेमिसन यांनी गिनी पिगच्या स्वादुपिंडाच्या पातळ कापांना फक्त तीन मिनिटे किरणोत्सारी अमिनो आम्ल दिले, मग साधे दिले, आणि वेगवेगळ्या वेळी एकेक काप काढून त्यातली किरणोत्सारी प्रथिने कुठवर पोहोचली आहेत ते पाहिले. तीन मिनिटांनी ती आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे प्रथिने बनवणारे रायबोझोम जिला चिकटलेले असतात त्या पटलांच्या जाळीत होती, आणखी सातेक मिनिटांनी गॉल्जी संकुलाच्या, म्हणजे गॉल्जींनी पाहिलेल्या त्याच रचनेच्या, कडेला, आणि सुमारे दोन तासांनी पेशीच्या टोकाशी, पाचक विकरांनी भरलेल्या कणांत. यातला प्रत्येक काप पाहण्यापूर्वी मृत करावाच लागत होता. तरीही वेगवेगळ्या क्षणी थांबवलेल्या पेशी ओळीने मांडून त्यांनी जिवंत पेशीतली वाहतूक वाचली. मी आता फळ्यावर जालिका आणि गॉल्जी संकुल यांची वेगवेगळी कार्ये लिहीत नाही; एकच बाण काढते आणि त्यावर मिनिटे लिहिते.

पालाडे यांना १९७४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते आल्बेर क्लोद आणि क्रिस्तियाँ द दुव्ह यांच्यासमवेत. द दुव्ह हे लयकारिकेचे, म्हणजे पाचक विकरे बाळगणाऱ्या पेशीतल्या पिशवीचे, शोधक, आणि लयकारिकेवर आपण ‘आत्मघाती पिशवी’ या नावाने अन्यायच करतो. पेशी मरताना काय होते, एवढेच त्या नावातून मनात राहते. प्रत्यक्षात तिचे रोजचे काम जुन्या, झिजलेल्या पेशीअंगकांचे विघटन करून त्यांतले घटक पुन्हा वापरासाठी मोकळे करण्याचे आहे. तिच्या आतली आम्लता बाहेरच्या पेशीद्रव्यापेक्षा कितीतरी अधिक असते आणि तिची विकरे त्या आम्लतेतच नीट काम करतात, त्यामुळे थोडी गळती झाली तरी पेशी लगेच नष्ट होत नाही. यातले एखादे विकर जन्मतःच नसेल तर काय होते ते टे-सॅक्स रोगात दिसते: एक विशिष्ट मेद विघटित न होता बाळाच्या चेतापेशींत साठत जातो आणि त्या पेशी निकामी होतात. हे उदाहरण मी वर्गात हळू आवाजात, पण आवर्जून सांगते.

गेल्या वर्षी हायड्रिलाचा तास संपत आला असताना त्याच मुलीने, ती आता वरच्या वर्गात गेली आहे, येऊन एक विनंती केली. तिला फिरणाऱ्या पानावर आयोडीनचा थेंब टाकून पाहायचे होते. मी थोडी थबकले, मग हो म्हटले. तिने थेंब काचेच्या कडेला सोडला. पिवळी कड पानात सरकत आली, आणि ती पोहोचली त्या त्या पेशीतली हरितलवके एकेक करून थांबली. काही कोपऱ्यावर, काही अर्ध्या वाटेत. पलीकडच्या रांगेत ती अजून फिरत होती. थांबलेली काही वेळाने काळपट होऊ लागली, तेव्हा तिने भिंगावरून डोळा काढला आणि पुढच्या मुलीला जागा दिली.