श्वास लागला म्हणजे कोविडच, असं नव्हतं : कॅज्युअल्टीतला माझा अनुभव

२०२० चा उन्हाळा ते २०२१ चा मे, असं वर्षभर मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी कॅज्युअल्टीत ड्यूटी केली. कोविडवर पुष्कळ लिहून झालंय. मी लिहितोय ते त्याच दारातून आलेल्या बाकीच्या पेशंटबद्दल : हार्ट अटॅकवाले, डायलिसिस चुकलेले, शुगर भडकलेले, जुने दमेकरी. यातल्या बऱ्याच जणांची तक्रार एकच असायची, "श्वास लागतोय." त्या दिवसांत हे दोन शब्द तोंडातून निघाले की पुढची वाट ठरलेली : कोविड सस्पेक्ट, स्वॅब, सारी वॉर्ड (श्वसनाच्या तीव्र आजाराच्या पेशंटचा वेगळा वॉर्ड). रिपोर्ट येईपर्यंत तिथंच. हार्ट अटॅकच्या पेशंटकडे मात्र तेवढा वेळ नसतो.

दारावर टेबल, कपाळाला दाखवायची तापमापक गन आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, एवढ्यावर पेशंट दोन रांगांत वाटायचे. सॅच्युरेशन ९४ च्या खाली गेलं की उजवीकडे, म्हणजे कोविडच्या रांगेत. ही चाळण फार ढोबळ होती. हृदय कमजोर पडून फुप्फुसात पाणी भरलं तरी सॅच्युरेशन ८५ येतं आणि एक्स-रेत दोन्ही बाजूंना पांढरं दिसतं. घाईत पाहिलं तर हुबेहूब कोविड.

म्हणून आम्ही टेबलावरच तीन प्रश्न वाढवले. त्रास नेमका किती वाजता सुरू झाला? आडवं झोपता येतं का? आधी ताप-खोकला होता का, आणि किती दिवस? कोविडचा दम बहुधा तापानंतर पाचव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास चढायचा. हार्ट फेल्युअरचा माणूस रात्री दोनला दचकून उठून बसलेला असतो, आडवं केलं की तडफडतो, घामानं शर्ट भिजलेला असतो. खोकल्यातून गुलाबी फेस येत असेल तर बहुतेक उत्तर तिथंच मिळतं.

प्रश्नांबरोबर चार गोष्टी पहिल्या दहा मिनिटांत : ईसीजी, ग्लुकोमीटरवर शुगर, बीपी, आणि पूर्ण एक मिनिट मोजलेला श्वास. शेवटचं सगळेच टाळतात, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणतात. पण सॅच्युरेशन आणि श्वासाचा दर शेजारी-शेजारी लिहिले की बरंच उलगडतं. सॅच्युरेशन ८२ आणि पेशंट फोनवर निवांत बोलतोय, तर कोविड डोक्यात आधी. सॅच्युरेशन ९८ आणि श्वास मिनिटाला ३६, खोल, भात्यासारखा, तर शुगर बघा. ती ४५० निघते, लघवीत कीटोन सापडतात आणि कळतं की लॉकडाऊनमध्ये इन्सुलिन संपलं होतं. त्याला स्वॅबच्या रांगेत ठेवण्यात अर्थ नव्हता. त्याला सलाईन, इन्सुलिन आणि पोटॅशियमवर नजर हवी होती. (नेलपॉलिश किंवा गार बोट असेल तर ऑक्सिमीटर खोटं बोलतो. बोट चोळून, दुसरं बोट लावून मगच आकडा लिहायचा.)

ईसीजीचं मशीन आम्ही आतून काढून दाराशी आणलं. आत असताना पेशंट आत न्यायचा की नाही यावरच वीस मिनिटं जायची. चिकटपट्टीचे इलेक्ट्रोड एकदा वापरून फेकायचे, वायरी स्पिरिटनं पुसायच्या, पुढचा पेशंट. पीपीई किटमध्ये स्टेथोस्कोप कानात घालता येत नाही, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. छातीतलं पाणी मग पोर्टेबल सोनोग्राफीवर बघायला शिकलो. गॉगलवर वाफ, हातात दोन जोड ग्लोव्हज, अशा अवस्थेत शीर सापडत नाही. मनगटापेक्षा कोपराच्या घडीतली जाड शीर धरायची आणि सुई १८ नंबरची. कोण कोण आहे हे ओळखू येत नसे, म्हणून मामा, मावशी, सिस्टर, डॉक्टर सगळ्यांच्या छातीवर मार्करनं नाव.

आता टेस्ट. सुरुवातीला आरटी-पीसीआरला एक दिवस, कधी दोन. ट्रूनॅट हे छोटं टेस्टचं मशीन हाताशी आलं तेव्हा तास-दीड तास. जून २०२० मध्ये आयसीएमआरनं रॅपिड अँटिजेनला मान्यता दिली आणि अर्ध्या तासात काहीतरी हातात पडू लागलं. तरी त्या कागदावर किती विसंबायचं हे समजून घ्यावं लागलं. अँटिजेन पॉझिटिव्ह आली तर ती मानायची, लक्षणं असून निगेटिव्ह आली तर मानायची नाही, आरटी-पीसीआर पाठवायची. इमर्जन्सीत आमचा नियम असा होता की पेशंट पॉझिटिव्ह आहे असं धरून किट घालायचं, आणि निगेटिव्ह आहे असं धरून उपचार सुरू करायचा. रिपोर्ट लागतो तो बेड कुठं द्यायचा हे ठरवायला. इंजेक्शन द्यायचं की नाही हे त्यावर ठरत नाही. टेस्टसाठी डायलिसिस, रक्त चढवणं, बाळंतपण अडवू नका, असं केंद्र सरकारनं एप्रिल २०२० मध्ये राज्यांना कळवलंही होतं. कागद आला तरी भीती लगेच जात नाही, हा भाग वेगळा.

हार्ट अटॅकमध्ये एरवी कॅथलॅब (अँजिओप्लास्टीची खोली) आधी : पेशंट दारात आल्यापासून बंद रक्तवाहिनीत फुगा फुगवेपर्यंत ९० मिनिटं. त्या काळात कॅथलॅबची टीम किट घालून तयार व्हायला, आणि सस्पेक्ट पेशंटनंतर खोली १ टक्का हायपोक्लोराइटनं पुसून, हवा बदलून पुन्हा उघडायला वेळ जायचा. त्यामुळे ईसीजीत नक्की दिसलं आणि १२ तासांच्या आतला असला, की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथंच. त्यातलं टेनेक्टेप्लेज वजनावर देतात : ६० किलोखाली ३० मिलिग्रॅम, पुढे दर १० किलोला ५ वाढवत ९० च्या वर ५०, एकाच फटक्यात. पंच्याहत्तरीपुढच्यांना निम्मा डोस. ते नसेल तर स्ट्रेप्टोकायनेज १५ लाख युनिट तासाभरात, पण त्यात बीपी पडतो, म्हणून बाजूला उभं राहावं लागतं. आधी विचारायचं : मेंदूत कधी रक्तस्राव? तीन महिन्यांत पॅरालिसिस? नुकतं ऑपरेशन? एकालाही 'हो' आलं, तर कॅथलॅब असलेल्या ठिकाणी पाठवणं बरं. इंजेक्शननंतर ६० ते ९० मिनिटांनी पुन्हा ईसीजी. वर गेलेली रेघ निम्म्यानं खाली आली नाही तर अँजिओप्लास्टीसाठी हलवायचं.

डायलिसिसवाल्यांचे हाल मला सगळ्यात वाईट वाटले. आठवड्याला दोनदा बसणारा पेशंट. डायलिसिस केंद्रात एखादा पॉझिटिव्ह निघाला की केंद्र बंद, दुसरीकडे गेला तर निगेटिव्ह रिपोर्ट आणा. दोन पाळ्या चुकल्या की तो पाय सुजलेला, दम लागलेला, सॅच्युरेशन ८८ असा दारात. हाही सारी वॉर्डात जाऊ शकतो, आणि तिथं रात्रीत हृदय थांबू शकतं, कारण रक्तात साठलेलं पोटॅशियम. ईसीजीत टी लाट तंबूसारखी टोकदार दिसली की रक्ताचा रिपोर्ट यायची वाट बघायची नाही. १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली शिरेतून हळूहळू, मग १० युनिट इन्सुलिन आणि सोबत २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली. पुढे दर तासाला शुगर, कारण किडनी नसलेल्यात इन्सुलिन रेंगाळतं आणि शुगर अचानक खाली जाते. ही सगळी उसनी वेळ असते. पाणी आणि पोटॅशियम बाहेर काढायला मशीनच लागतं. लघवीच होत नसेल तर लॅसिक्सचे (लघवी वाढवणाऱ्या औषधाचे) डोस वाढवून फारसं काही हाती येत नाही. म्हणून पहिलं कॅल्शियम देताना दुसऱ्या हातानं डायलिसिस युनिटला फोन.

दमेकऱ्यांना त्या काळात नेब्युलायझर बंद होता, कारण त्याच्या वाफेतून विषाणू पसरायची भीती. पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं) वापरायचा : साल्ब्युटामॉलचे ४ ते ८ झटके, दर २० मिनिटांनी, पहिल्या तासात तीनदा. स्पेसर संपले तेव्हा अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून वापरलं. चालतं, फक्त भोक सैल नको.

घरच्यांसाठी दोन-चार गोष्टी, कारण वेळ तिकडेही जायचा. १०८ ला फोन लावला की पहिलं वाक्य मुख्य त्रासाचं बोला : "छातीत दाबल्यासारखं, घाम, पंचेचाळीस मिनिटं झाली." ताप-खोकला असेल तर तोही सांगा, लपवू नका, पण नुसतं "दम लागलाय" म्हणून थांबू नका. छातीत तसं दुखत असेल, ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल, तर इकोस्प्रिन ७५ (ॲस्पिरिन) च्या चार गोळ्या चावून खायला द्या. गिळल्या तर आवरण विरघळायला वेळ लागतो. सॉर्बिट्रेट (छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी) मात्र बीपी न मोजता देऊ नका, कमी बीपीत माणूस तिथंच कोसळतो. निघण्याआधी हॉस्पिटलला फोन करून विचारा : कॅथलॅब चालू आहे का, सीटी चालू आहे का, आयसीयूत बेड आहे का. नाही म्हणाले तर विनाकारण तिकडे जाऊन रेफर होण्यात जाणारा दीड तास वाचतो.

पिशवीत जुना ईसीजी, जुनं डिस्चार्ज कार्ड, औषधांची पाकिटं (यादी नसली तरी चालेल), आधार आणि रेशनकार्ड. मे २०२० पासून महात्मा फुले योजना रेशनकार्डाच्या रंगाकडे न बघता राज्यातल्या सगळ्यांना खुली केली होती, तरी कार्डाची झेरॉक्स नसल्यानं फाईल अडायची. नाक्यावर पोलिसांना दाखवायलाही तीच जुनी फाईल कामी आली. आणि त्रास सुरू झाल्याची वेळ, बॉलपेननं, पेशंटच्या हातावर लिहा. नातेवाईक एकालाच आत सोडायचे, तोही किट नाही म्हणून दारात अडायचा, आणि आत विचारायला कुणी नसायचं. पॅरालिसिसचा पेशंट तर बोलूच शकत नाही, आणि गुठळीच्या इंजेक्शनला साडेचार तासांची मर्यादा. "सकाळी उठला तेव्हाच असा होता" असं कळलं, तर शेवटचं धडधाकट पाहिलेली वेळ धरतात, म्हणजे रात्री झोपतानाची.