देवळीतली बरणी आणि सौरवादळ

१० मे २०२४, अक्षय तृतीया. सकाळी साडेसातला अंबाजोगाईतल्या आमच्या गच्चीवर ६० मिमीच्या दुर्बिणीतून कागदावर सूर्य घेतला. १५ सेंटिमीटरच्या त्या गोलावर पश्चिमेकडे डागांचा एक समूह होता, जवळपास पावणेदोन सेंटिमीटर पसरलेला. एवढा मोठा समूह मी त्याआधी कधीच काढला नव्हता. काळे गाभे आणि त्यांच्या भोवतीची राखी उपच्छाया वेगवेगळी दाखवण्यातच अर्धा तास गेला. हाच तो ३६६४ क्रमांकाचा समूह, पृथ्वीच्या साधारण पंधरापट रुंद. त्यातून सुटलेले प्लाझ्माचे, म्हणजे विद्युतभारित तप्त वायूचे लोट रात्री दहाच्या सुमारास पृथ्वीवर आदळले, तेव्हा मी गाढ झोपेत होतो. ऑक्टोबर २००३ नंतरचं पहिलं जी-५, म्हणजे सर्वात वरच्या पातळीचं सौरवादळ! दुसऱ्या दिवशी लडाखमधल्या हनलेहून टिपलेल्या ध्रुवीय प्रकाशाच्या लाल आभेचे फोटो फोनवर येऊन पडले. डाग माझ्या वहीत होता, वादळाचा इशाराही आदल्या दिवशीच निघालेला होता. या दोन गोष्टी जोडून बघायचं तेवढं राहिलं. ती चुटपुट अजून गेलेली नाही.

तेव्हापासून सौरवादळांचे अंदाज वाचायला शिकतोय. आधी माझी सगळी नजर केपीच्या आकड्यावर असायची (पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती खवळलंय हे ० ते ९ मध्ये सांगणारा आकडा). आता तो शेवटी बघतो. लोट सुटला की १ ते ३ दिवस हातात असतात, पण तो किती जोराचा लागेल हे त्याच्या आतल्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवर ठरतं. ती दक्षिणेकडे असेल आणि तशीच टिकली, तर पृथ्वीचं क्षेत्र त्याला वाट देतं. आणि ही दिशा आधी सांगता येत नाही. लोट पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूपाशी पोचला की मगच कळते. आपलं आदित्य-एल१ यान जानेवारी २०२४ पासून तिथेच आहे. वेग सेकंदाला ८०० किलोमीटर असेल तर तिथून पृथ्वी जेमतेम अर्ध्या तासावर. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आणखी एक सांभाळा: अंदाजाच्या तक्त्यातल्या वेळा जागतिक वेळेत असतात. १५ ते १८ हा रकाना म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठ ते साडेअकरा. साडेपाच तासांची ही बेरीज वहीच्या पुठ्ठ्यावरच लिहून ठेवली आहे.

मराठवाड्यातून ध्रुवीय प्रकाश दिसणार नाही, हे मान्य. पण वादळ आपल्यापर्यंत पोचतं. पृथ्वीभोवती विजेचं एक कडं तयार होतं आणि त्यामुळे आपल्या अक्षांशांवरचं आडवं चुंबकीय क्षेत्र कमी होतं. सप्टेंबर १८५९ च्या वादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत ते सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी (चुंबकीय क्षेत्राचं एकक) घसरल्याची नोंद आहे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून हे मोजमापाचं काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं. लोखंड आणि वीज यांच्यापासून लांब, हे सूत्र मी माझ्या घरच्या चुंबकमापकासाठी तिथूनच उचललं.

आमच्या घरामागे जुनी माळवदाची खोली आहे. मातीच्या जाड भिंती, सळई कुठेच नाही, उन्हाळ्यातही आत गारवा. तिथल्या देवळीत लोणच्याची काचेची बरणी ठेवली. झाकणातून रेशमाचा एकेरी धागा सोडला, त्याला छोटा पट्टीचुंबक, चुंबकाला आरशाची टिकली. आधी सुती धागा होता, पण दमट हवेत तो पीळ घ्यायचा आणि सगळी नोंद वाया जायची. चुंबक खूप वेळ झुलत राहायचा म्हणून बरणीखाली देवघरातलं तांब्याचं ताम्हन ठेवलं, आता दोन मिनिटांत स्थिर होतो. लेसरचा ठिपका ४ मीटरवरच्या भिंतीवरच्या आलेख-कागदावर पडतो. आपल्याकडचं आडवं क्षेत्र ३९ हजार नॅनोटेस्लांच्या आसपास आहे. पूर्व-पश्चिम दिशेत १०० नॅनोटेस्लांचा फरक पडला, तर आरशामुळे कोन दुप्पट होऊन ठिपका सुमारे २ सेंटिमीटर सरकतो. शांत दिवशीही तो सकाळपासून दुपारपर्यंत काही मिलिमीटर जाऊन परत येतो. तो दैनंदिन फेरा पहिल्यांदा कागदावर उमटला त्या दिवशी मला फार आनंद झाला.

एकदा ठिपका अचानक ४ सेंटिमीटर उडाला. धावत जाऊन तक्ता उघडला, तर केपी १. बाहेर बोळात उसाची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर उभा होता. तेव्हापासूनचा माझा ठोकताळा असा: एकदम उडी मारून नव्या जागी गप्प बसला तर लोखंड, हेलकावे घेत भटकला तर वादळ.

खरी परीक्षा झाली १० ऑक्टोबर २०२४ ला, नवरात्रात. आदल्या दिवशीचा सूर्यावरचा एक्स १.८ चा भडका (एक्स म्हणजे सर्वात जोरदार वर्ग) आणि त्यामागचा लोट मी वहीत टिपला होता. संध्याकाळपासून खोलीत बसलो. पावणेनऊला ठिपका थरथरला. नंतर पुढे, मागे, पुन्हा पुढे. दर दहा मिनिटांनी पेन्सिलीने खूण करत गेलो. आजी देवीची आरती उरकून दारात आली, म्हणाली, "आज लईच सरकलाय की रं." पहाटेपर्यंतचा पसारा दीड सेंटिमीटर भरला. त्याच रात्री हनलेच्या आकाशातही लाल आभा टिपली गेली. एकच वादळ, तिकडे कॅमेऱ्यात आणि इकडे आमच्या भिंतीवर!

कॅमेऱ्याचा सराव त्या मानाने मागे आहे. १८ मिमी, एफ ३.५, आयएसओ ३२००, १५ सेकंद, इथवर ताऱ्यांच्या रेघा येत नाहीत. फोकस हाताने, एखादा ठळक तारा स्क्रीनवर मोठा करून. हनलेहून ही आभा उत्तरेच्या क्षितिजालगत दिसते, म्हणून मीही इथे क्षितिजालगतचेच फोटो काढतो. गाळप हंगामात मात्र साखर कारखान्याचा उजेड तिथे पिवळट-तांबूस फासून टाकतो. हनलेला जायचं आहे, अमावास्येच्या आगेमागे.

त्याआधी दुसरी बरणी. पहिली फक्त दिशा दाखवते, क्षेत्राची घट तिला नीट कळत नाही. म्हणून दुसरीतला चुंबक बाहेरून एक पक्का चुंबक लावून पूर्व-पश्चिम वळवायचा, म्हणजे आडवं क्षेत्र कमी-जास्त झालं की तो फिरेल. बरणी धुऊन वाळत ठेवली आहे. दुसरं ताम्हन मात्र बाजारातून आणावं लागेल, घरातलं आणखी एक द्यायला आजी तयार नाही.